समुद्रातली झाडलेली वाट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लोखंडाला प्रवेश नाही. येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो जावई असो, कुरियरवाला असो किंवा सोसायटीचा सेक्रेटरी असो, आपल्या किल्ल्या, नेलकटर आणि छत्री दाराशी ठेवलेल्या फणसाच्या लाकडाच्या पेटीत जमा करावी व जाताना घेऊन जावी. विसरलेल्या छत्र्यांची जबाबदारी घेतली जाणार नाही. हुकुमावरून.

हा हुकूम माझ्या वडिलांचा. घर माझं, पेटी त्यांची. वय ऐंशीला टेकलेलं. आई गेल्यावर मालवणचं घर भावाकडे सोपवून ते आमच्याकडे राहायला आले आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी दाराशी लागली.

त्याचं कारण असं, की तरुणपणी ते नौदलात माइनस्वीपरवर खलाशी होते. माइनस्वीपर म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारी बोट. काही सुरुंग तळाशी पडून असतात आणि वरून जाणाऱ्या जहाजाचं लोखंड ओळखून फुटतात. म्हणून त्यांना काढायला जाणारी बाबांची बोट लाकडाची होती, हत्यारं पितळेची, आणि बोटीवर चढणारा प्रत्येक खलाशी खिशातलं लोखंड शिडीपाशी एका खोक्यात टाकूनच पुढे जायचा. आचाऱ्याला पत्र्याचा डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायचा तरी विचारावं लागायचं. नोकरी सुटून चाळीस वर्षं झाली, खोकं काही सुटलं नाही.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. बोलतो कमी, पण नेमकं. पेटी लागली त्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, ह्या भिंतींच्या आत टनावारी सळया आहेत."

बाबा म्हणाले, "तो बिल्डराचो दोष. माझा काम मी करतंय."

सूट मिळाली ती फक्त बिडाच्या तव्याला. घावणे दुसऱ्या कशावर होत नाहीत, हे नौदलालाही मान्य असावं.

माझी मुलगी सात वर्षांची असताना ह्याच घरात, मोरीतल्या बादलीत, तिचं पहिलं नाविक शिक्षण झालं. बाबा तेव्हा सुट्टीत राहायला आले होते. त्यांनी बादलीच्या तळाशी माझा बत्ता ठेवला, त्याला दोऱ्याने एक लिंबू बांधलं. दोरा आखूड, त्यामुळे लिंबू पाण्याच्या जरा खालीच तरंगत राहिलं. "ह्यो सुरुंग," बाबा म्हणाले. "वरसून दिसता?" दिसत नव्हता. मग त्यांनी साबणाच्या डबीची बोट केली, तिच्या मागे एक लांब दोरा सोडला आणि त्याला दाढीच्या ब्लेडचा तुकडा अडकवला. बोट पुढे गेली, मागचा दोरा लिंबाच्या दोऱ्याला घासला, आणि लिंबू टुणकन वर आलं. खरी बोटही हेच करते, फक्त दोऱ्याऐवजी दातांची पोलादी तार असते आणि लिंबाच्या जागी माणसाच्या उंचीचा गोळा.

"आता काय करायचं?" मुलीने विचारलं.

"आता लांबसून बंदुकीन फोडूचो."

तिने ते टिचकीने फोडायचा प्रयत्न केला. त्या सुरुंगाचा शेवट रात्री वरणभातावर झाला. बत्ता मी तीनदा धुतला.

मी एका शाळेत मराठी शिकवते आणि स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते. सुट्टीतला खेळ कुठे संपतो आणि आयुष्याचा धंदा कुठे सुरू होतो, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मुलगी मोठी झाली, परीक्षा देत गेली आणि एक दिवस तेलवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर झाली. पहिल्यांदा निघताना ती आजोबांच्या पाया पडली आणि मी आजोबांकडे असं पाहिलं, की त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

पण ते नंतर. आधी तुम्हाला मोजणाऱ्या सुरुंगाविषयी सांगितलं पाहिजे, कारण त्याने आमच्या घराला वळण लावलं आहे.

हा सुरुंगांमधला सगळ्यात हरामखोर. त्याला आकडा शिकवलेला असतो. पहिलं जहाज वरून गेलं, हा गप्प. दुसरं गेलं, गप्प. तिसरं, चौथं, गप्प. किनाऱ्यावरच्या लोकांची खात्री पटते, वाट मोकळी आहे. मग ठरलेल्या आकड्याचं जहाज येतं आणि हा फुटतो. म्हणून सुरुंग काढणारे एकाच वाटेवरून पुन्हा पुन्हा फिरतात, सुरुंगाला खोटी जहाजं दाखवून त्याची मोजणी संपवतात. अशा वाटेला बाबा 'झाडलेली वाट' म्हणतात. 'साफ' म्हणत नाहीत. हा शब्द त्यांनी समुद्रासाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही, आणि रस्त्यासाठीही नाही. लहानपणी हायवे ओलांडताना मी विचारायचे, "बाबा, रस्ता मोकळा आहे का?" ते म्हणायचे, "आतापर्यंत तीन गाडये गेले."

आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या नवऱ्याने ह्याची पुरेपूर किंमत मोजली. तो पहिल्यांदा घरी आला, नीट बोलला, नीट चहा प्यायला, कपही आत नेऊन ठेवला. आई खूश. बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी येऊ दे. पुढच्या रविवारीही तो नीट वागला. बाबा म्हणाले, आणखी येऊ दे. असे सात रविवार झाले. सहाव्या रविवारी त्याने मला जिन्यात विचारलं, "तुझ्या वडिलांचं नक्की म्हणणं काय आहे?" मी म्हटलं, "त्यांना वाटतंय तू फुटशील." सातव्या रविवारी त्याने बंद पडलेला मिक्सर दुरुस्त केला आणि बाबांनी होकार दिला. अजूनही मिक्सर बिघडला की तो माझ्याकडे बघून गालात हसतो.

तर असं आमचं घर. आणि ह्या वर्षी बातमी आली, की आखाताच्या तोंडाशी, समुद्र जिथे चिंचोळा होतो तिथे, कुणीतरी सुरुंग टाकले आहेत. कुणी टाकले ह्याबद्दल प्रत्येक चॅनेलचं मत वेगळं होतं. टाकले आहेत ह्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. माझ्या मुलीचं जहाज तेल भरायला आत निघालं होतं, ते बाहेरच नांगर टाकून उभं राहिलं.

नऊ दिवस ते तिथे उभं होतं. ती रोज फोन करायची. जहाजावर आता इंटरनेट असतं, व्हिडिओवर चेहरा दिसतो. "काय करताय?" "काही नाही गं आई, रंगकाम चाललंय." नऊ दिवसांत त्या जहाजाला किती रंग लागला कोण जाणे. बाबा तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे आणि फोन ठेवल्यावर बातम्या लावायचे, आवाज बंद करून. नुसती चित्रं बघायचे.

दहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तिचा मेसेज आला. वाट झाडून झाली होती. दहा जहाजं आत जाऊन पोचली होती. त्यांचा नंबर चौदावा, उद्या सकाळी. पण युद्धाचा इलाखा म्हणून प्रत्येकाला विचारलं होतं, यायचं का नाही. ज्याला यायचं नाही त्याने तसं लिहून द्यावं, त्याला होडीने किनाऱ्यावर सोडून विमानाने घरी पाठवतील. नोकरीला धक्का नाही. नाव खराब होणार नाही. आपल्याकडच्या दुपारी चार वाजेपर्यंत सही करायची. शेवटची ओळ अशी होती: 'दीड वाजता फोन करते. आजोबांशी बोलायचंय.'

ती विचारणार होती, आणि ज्याला विचारणार होती तो माझ्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत होता. मी शाळेत फोन करून रजा टाकली.

मग मी वही काढली. माझं सगळं आयुष्य इतरांच्या तोंडी वाक्यं घालण्यात गेलं आहे. हे तर एकच वाक्य होतं. मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि बाबांपुढे धरलं.

"बाबा, ती फोन करेल. तुम्ही एवढंच म्हणायचं."

बाबांनी चष्मा लावला. "ये परत," त्यांनी वाचलं. "आणि ती म्हणाली, कित्याक, तर?"

"तर म्हणायचं, मी सांगतो म्हणून."

"ह्या बोलणा माझा न्हय."

"माझं आहे. तुम्ही फक्त म्हणा. ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुमच्यामुळे गेली आहे ती, बाबा."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. बाबांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत ठेवल्या आणि म्हणाले, "बरा. परत एकदा वाच."

आम्ही तीनदा तालीम केली. ते उत्तम करत होते. आवाजात वजन, योग्य जागी थांबणं, सगळं. तिथेच मला संशय यायला हवा होता. जो नट तालमीत इतका चांगला करतो, तो प्रयोगात स्वतःचं काहीतरी करतो.

नवरा दुपारी जेवायला घरी आला. मी त्याला विचारलं, "तुझं काय मत?"

तो बराच वेळ आमटी कालवत राहिला. "लिफ्ट दुरुस्त केली की पहिल्यांदा मी बसतो. खाली-वर, खाली-वर. मग लोकांना बसवतो."

"म्हणजे जाऊ दे म्हणतोस?"

"नाही. मी म्हणतोय, त्या पहिल्या फेरीत मी तिला कधी घेतलं नव्हतं. ती खाली उभी राहून रडायची."

दीड वाजता फोन आला. ती बॉयलर सूटमध्ये होती, केस घट्ट बांधलेले, गालाला कसलातरी तेलकट डाग. मी बोलायला तोंड उघडलं.

"आई, तू आधी बोलू नकोस. आजोबांना दे."

मी फोन डायनिंग टेबलावर डब्याला टेकवून उभा केला, बाबांना समोर बसवलं आणि स्वतः फोनच्या मागे वही उंच धरून उभी राहिले. प्रॉम्प्टर असतो तशी.

"आजोबा, दहा गेली," ती म्हणाली. "आज आणखी तीन जातायत. आमचा नंबर चौदावा. सांगा."

बाबांनी वहीकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे.

"झाडणाऱ्यांनी फेरे किती मारल्यानी?"

"ते सांगत नाहीत."

"तळ बघितल्यानी?"

"हो. पाण्याखाली ड्रोन सोडलेत. तळावरची एकेक वस्तू कॅमेऱ्याने बघितली म्हणतात. आता तारा ओढत नाही बसत कुणी."

"बरा आसा. वाट रुंद किती?"

तिने सांगितलं. त्यांनी विचारलं, वेग किती ठेवणार, पुढच्या जहाजात आणि तुमच्यात अंतर किती, त्या वेळी तू कुठे असशील. ती म्हणाली, ब्रिजवर. जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत. "मी नाही म्हटलं तर माझी पाळी सेकंड आणि चीफ ऑफिसर आलटून पालटून करतील. तेच दोघं नऊ दिवस झोपलेले नाहीत."

मी वही हलवली. एकदा, दोनदा. बाबांनी हात वर केला, वर्गात मी मुलांना गप्प करते तसा, आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. बाबांच्या गोष्टी मला पाठ आहेत. सुरुंग समजून वर काढलेलं जुनं पिंप, तारेत अडकलेला नांगर, कप्तानाच्या पोपटाच्या पिंजऱ्याची जप्ती, सगळ्या. ही मी कधी ऐकली नव्हती. आईनेही ऐकली नसावी.

एका परक्या बंदराबाहेर त्यांच्या बोटीने तेरा दिवस वाट झाडली होती. तार, मग विजेची केबल, मग आवाज करणारा हातोडा, सगळे प्रकार करून झाले. वाटेच्या दोन्ही कडांना झेंडे लावलेले तरंगे सोडतात, जहाजांनी त्यांच्यामधून जायचं. ते तरंगे सोडायचं काम बाबांचं होतं. तेराव्या दिवशी वाट खुली झाली. पाच जहाजं गेली. बाबा आणि त्यांचे सोबती कठड्याला उभे राहून हात हलवत होते. सहावी एक छोटी मालवाहू बोट होती. तिच्यावरचेही हात हलवत होते. मग तिच्याखालचं पाणी वर आलं, आणि आवाज त्यानंतर आला.

बाबा होडी घेऊन गेले. जे गेले ते गेले. जे हाती लागले त्यांतल्या बहुतेकांचे पाय मोडले होते. बुडून नाही, भाजून नाही. पायाखालचा डेक खालून लाथ बसावी तसा वर येतो. सरळ उभा असेल त्याचे पाय जातात, बसलेल्याचा मणका जातो. धड चालत आला तो एकटा त्यांचा आचारी. तो तेव्हा उंच फळीवरचं काहीतरी काढत होता, टाचा उचललेल्या, गुडघे वाकलेले, एक हात कठड्याला.

"झेंडे मी लावले होते," बाबा म्हणाले. मालवणी सोडून, स्वच्छ मराठीत म्हणाले. शाळेत कविता म्हणावी तसे.

तिने बाहीने गालावरचा डाग पुसला. मग ती म्हणाली, "मग आजोबा, मी जाऊ की येऊ?"

"ता माका इचारू नको. माका म्हायत आसा ता इतक्याच. गेलंस, तर गुडघे वाकवून उभी रव. टाचो उचलून. एक हात धरून. जीभ दातांच्या मधी नको. आणि वाट संपासर तशीच. मधी कोण कायव सांगो."

"बरं," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "आई, वही खाली ठेव. आरशात दिसतेय."

आमच्या डायनिंग टेबलामागे मोठा आरसा आहे. तेवीस वर्षांपूर्वी मी हौसेने लावला होता.

फोन बंद झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "एक वाक्य होतं. एक."

"होता."

"मग?"

"तू लिवलंस ता बरा होता. पण तिना इचारल्यान ता येगळा होता."

चारला दहा मिनिटं असताना मेसेज आला. 'सही केली. जाते.' नवऱ्याने तो वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या संध्याकाळी मी बाबांशी बोलले नाही. त्यांचं ताट वाढलं, पाणी ठेवलं, गोळ्या काढून दिल्या. सगळं नीट, आणि एकही शब्द नाही. त्यांनीही तो मागितला नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला त्यांचं जहाज वाटेत शिरणार होतं आणि एक वाजता बाहेर पडणार होतं. तोवर फोन बंद ठेवायचा हुकूम होता. नवऱ्याने रजा घेतली होती. मी भांडी घासलेली पुन्हा घासत होते. दहाच्या सुमारास मी हॉलमध्ये आले, तर बाबा खिडकीपाशी उभे होते, ग्रिल एका हाताने धरून. मला वाटलं खाली काही बघतायत. मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. गुडघे वाकवलेले. टाचा जमिनीवरून जेमतेम बोटभर वर.

"बाबा, बसा," मी म्हटलं. कालपासूनचा हा पहिला शब्द.

"बसलेल्याचो मणको जाता."

"तुम्ही बोरीवलीत आहात."

"होय," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

मी त्यांच्याशी भांडू शकले असते. मी दुसरी बाजू धरली ग्रिलची. गुडघे वाकवले. वरवर बघता ही गोष्ट सोपी वाटते. पाच मिनिटांत मांड्यांना आग लागते. नवरा बाथरूममधून तोंड पुसत आला, आमच्याकडे पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला, फ्रिजच्या हँडलला हात लावला आणि तोही तसाच उभा राहिला. समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एक चादर झटकली, आमच्याकडे बघितलं, आणि तीच चादर पुन्हा झटकली.

बुधवार म्हणजे मासळीचा वार. गोराईहून येणारी आमची कोळीण अकराला बेल वाजवतेच. नवऱ्याने वाकलेल्या गुडघ्यांनीच जाऊन दार उघडलं. तिने पाटी खाली ठेवली, आत डोकावली.

"काय गं बाय, सगल्यांचे पाय एकदम धरले?"

मी तिला सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण धाप लागली होती. तिने काही विचारलं नाही. तिने दाराच्या चौकटीला हात लावला आणि उभी राहिली. तिला गुडघे वाकवावे लागले नाहीत, ते आपोआप वाकले, जणू उंबऱ्याखाली पाणी होतं.

"होरीवर असंच उभं ऱ्हातात," ती म्हणाली. "सरल उभा ऱ्हायला का पडला." ती दहा मिनिटं उभी होती. मग पाटी उचलली. "बोंबील थांबायचे नाय. पोर येल तवा पापलेट देईन, मोठा बघून." आणि माझ्याकडून काही न घेता, काही न विकता ती खाली उतरली.

साडेअकरानंतर बाबांचे पाय थरथरायला लागले. मी म्हटलं, आता पुरे. ऐकेनात. नवऱ्याने फ्रिज सोडला, त्यांच्या मागे जाऊन दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांचा भार स्वतःवर घेतला. लिफ्टची केबिन तोलून धरावी तसा. बाबा त्याला नको म्हणाले नाहीत. आम्ही तिघं खिडकीत, आणि खाली कुणाचीतरी मुलं सायकलवरून गोल गोल फिरत होती.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही झेंडे लावलेत. सुरुंग नाही लावला."

"म्हायत आसा."

ग्रिलवर एक कावळा बसला, आमचा रंग बघून उडून गेला.

"पन्नास वर्षां म्हायत आसा," बाबा म्हणाले.

मी त्यांचा ग्रिलवरचा हात धरला. तो थंड होता आणि इतका घट्ट आवळलेला, की माझी बोटं त्याखाली शिरली नाहीत. ज्या माणसावर मी कालपासून रागावले होते, तो माझ्या मुलीला अडवत नव्हता आणि ढकलतही नव्हता. ज्याच्यावर पन्नास वर्षं विश्वास ठेवता आला नाही, तो 'साफ' हा शब्द तिला द्यायला त्याने नकार दिला होता. आणि त्याऐवजी त्याच्याकडे होतं तेवढं दिलं होतं. ते आता आमच्या मांड्यांत पेटलं होतं.

एक वाजला. फोन आला नाही. एक वाजून दहा. नवरा म्हणाला, "उशीर होतो. पुढचं जहाज हळू असेल." एक वाजून वीस. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण आठवला तो फक्त आकडा. चौदा. एक वाजून पंचवीस मिनिटांनी टेबलावरचा फोन थरथरला, आणि तो घ्यायला जाताना मी जवळपास रांगत गेले, कारण पाय सरळ होत नव्हते.

तिचा चेहरा आला. घामाने निथळणारा, लाल, आणि जिवंत.

"आई, आत आलो. वाट संपली. झालं."

मी फोन बाबांकडे वळवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा हलवली, आणि मग थांबवता येईना तशी हलवत राहिले.

"तुम्ही असे का उभे आहात सगळे?" ती म्हणाली.

"तू का उभी आहेस तशी?" मी म्हटलं. कारण ती अजूनही किंचित खाली होती, एक हात कुठल्यातरी दांड्याला.

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि तिने नुसता फोन फिरवला. ब्रिज दिसला. काचांपलीकडे पांढरं ऊन आणि सपाट पाणी. सुकाणूवरचा माणूस, गुडघे वाकवलेला. दुर्बीण धरलेला एक उंच माणूस, वाकलेला. आणि मधोमध त्यांचा कॅप्टन, आमच्याच बाजूचा, गुहागरकडचा, पोट सुटलेला, कठडा धरून टाचा उचलून उभा. तिने काल सगळ्यांना सांगितलं होतं आणि कॅप्टनने तो हुकूम केला होता. चार तास. आखाताच्या तोंडातून एक अख्खं तेलवाहू जहाज बोरीवलीच्या सांगण्यावरून वाकून गेलं होतं.

कॅप्टनने स्क्रीनवर ग्रिलला धरून उभा असलेला म्हातारा पाहिला. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग तो भला माणूस कळवळून माझ्या मुलीला म्हणाला, "थर्ड, आजोबांना विचार गं, आता सरळ झालं तर चालेल का?"